दर पावसाळ्यात ॲक्वापोनिक्सचा सामू कोसळतो आणि मासे जातात: कारण आणि उपाय

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यांतून, म्हणजे बेडमधून, फिरवून परत टाकीत आणायचं. पावसाळ्यातल्या पडझडीची लक्षणं जवळपास सगळीकडे सारखीच असतात. जूनमध्ये छपराचं पाणी ड्रममध्ये साठायला लागतं, टाकीत तेच घातलं जातं आणि जुलैपर्यंत सगळं उत्तम चाललेलं दिसतं. श्रावणाच्या सुमाराला मासे खाद्याकडे बघेनासे होतात. पालक आणि सॅलडची पानं फिकी पडतात, टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग धरतो. पाण्याला वास नसतो, रंगही रोजचाच असतो. सामू, म्हणजे पीएच, मोजला तर तो ६ च्या खाली गेलेला असतो. कुणीतरी चुना टाकायला सांगतं. चुना टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पोट वर करून तरंगत असतात. पुढच्या वर्षी पुन्हा हाच क्रम.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पावसाचं पाणी घाण असतं, वापरू नका’. मला तो अजिबात पटत नाही. क्लोरीन नाही, सोडियम नाही, फुकट मिळतं, आणि एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघण्यापेक्षा कितीतरी बरं. छपरावरची घाण ही वेगळी अडचण आहे, तिच्याबद्दल खाली लिहितो. पण श्रावणातल्या या पडझडीचं कारण बहुतेक वेळा घाण हे नसतं. पावसाचं पाणी फार रिकामं असतं, म्हणजे त्यात क्षार जवळजवळ नसतात, हे असतं.

आधी काय मोजायचं

सामूच्या आधी केएच मोजा. पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप म्हणजे केएच, आणि हे बायकार्बोनेटच सामूला पडण्यापासून तोलून धरतं. माशांच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं. ठरलेल्या मापाचं पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकायचा आणि रंग कितव्या थेंबाला बदलतो ते बघायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे साधारण १७.९ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). घरगुती ॲक्वापोनिक्सला ६० ते १४० पीपीएम हवा, म्हणजे साधारण चार ते आठ थेंब. पहिल्याच थेंबाला रंग बदलला, तर दुखणं सापडलं असं समजा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर इथे उपयोगाचा नाही. टीडीएस ६०० असूनही केएच शून्य असू शकतो, कारण त्या ६०० मध्ये नायट्रेट आणि मीठही मोजलं जातं.

साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा नुसता सामू मोजून घाबरू नका. इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात स्वस्त मीटरचा आकडा स्थिरावतच नाही. एकदा ५.४ दाखवतो, पाच मिनिटांनी ६.३. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे अगदी स्वच्छ पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. त्या पाण्याला तोलून धरणारं काहीच नसल्यामुळे टाकीतल्या पाण्यात मिसळलं की ते टाकीचाच सामू घेतं. म्हणून आकडा टाकीतल्या पाण्याचा बघायचा, ड्रममधल्या नाही.

हे वाचत असताना तुमच्या टाकीत मासे आत्ता धापा टाकत असतील तर पुढचा भाग सोडून ‘मासे आत्ता त्रासात असतील तर’ इथे जा.

जूनमध्ये काही होत नाही, मग ऑगस्टमध्येच का

माशांच्या विष्ठेतला आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया बेडमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला केएच खातं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे (म्हणजे अमोनियातल्या नायट्रोजनमागे) ७.१४ ग्रॅम केएच, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून एका घरगुती टाकीवर मांडून बघा.

समजा एकूण पाणी ५०० लिटर आणि रोजचं खाद्य ५० ग्रॅम, प्रथिनं ३२ टक्के. एक किलो अशा खाद्यातून ढोबळमानाने ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. म्हणजे रोज दीड ग्रॅम. त्याला लागणारा केएच जवळजवळ ११ ग्रॅम, आणि ५०० लिटरमध्ये तो रोज २१ पीपीएम. झाडं नायट्रेट उचलतात तेव्हा यातला बराच भाग पाण्याला परत मिळतो. म्हणून उन्हाळ्यात, कडक उन्हात झाडं जोमात वाढत असताना हा खर्च फारसा जाणवत नाही.

शिवाय उन्हाळ्यात आपण नकळत भरपाईही करत असतो. देशावर, म्हणजे पुणे, नगर, सोलापूर, संभाजीनगर या पट्ट्यात, काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. त्यात ३०० पीपीएम केएच असणं नवलाचं नाही. उन्हामुळे रोज दहा लिटर पाणी उडालं आणि तेवढं बोअरचं घातलं, तर तीन ग्रॅम केएच आपसूक टाकीत गेला. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पावसाळ्यात या सगळ्या गोष्टी एकदम उलटतात. हवा दमट असल्याने पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे बोअरचं पाणी घालायची गरज उरत नाही. झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नसतं, झाडं थंडावतात, नायट्रेट उचलत नाहीत आणि केएच परत येत नाही. जिवाणूंना मात्र उन्हाशी देणंघेणं नाही, ते आम्ल बनवतच राहतात. त्यामुळे पावसाचा एक थेंबही न घालणाऱ्यांच्या टाकीतही ऑगस्टमध्ये सामू उतरतो. पावसाच्या पाण्याने हा उतार वेगाने होतो, इतकंच.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सुरुवातीच्या पावसात हवेतली धूळ असते आणि त्या धुळीत चुनखडीचा अंश असतो. त्यामुळे पहिल्या सरींचा सामू बऱ्याचदा ६ च्या वर, कधी ७ च्या जवळ येतो. लोक जूनमध्ये एकदा मोजतात आणि निर्धास्त होतात. हवा धुऊन निघाली की पुढचा पाऊस जास्त स्वच्छ असतो आणि तितकाच रिकामा. म्हणजे उन्हाळ्यातली शिल्लक संपते नेमकी त्याच वेळी येणारं पाणीही कोरं असतं. जूनमधल्या मोजणीवर ऑगस्ट काढू नका.

उघडे बेड आणि बॉल कॉक

पावसाचं पाणी मी घातलंच नाही, तरी असं का झालं? असं विचारणाऱ्यांनी आधी वर बघावं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. बेड आणि टाकी मिळून तीन चौरस मीटर उघडं असेल आणि रात्रीत १०० मिलिमीटर झाला, तर ३०० लिटर कोरं पाणी आत गेलं आणि तितकंच जुनं पाणी, झाडांच्या अन्नासकट आणि केएचसकट, वरून वाहून गेलं. ५०० लिटरच्या टाकीत ही एका रात्रीची उलथापालथ आहे. कोकणात अशा रात्री दरवर्षी येतात. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो जोरदार पाऊस आणि ११५.६ च्या वर गेला की अतिजोरदार. हे दोन आकडे लक्षात ठेवले तर इशारा आला की आपल्या टाकीत किती लिटर येणार याचा अंदाज लगेच बांधता येतो.

यावर उपाय साधा आहे: बेडवर उतार देऊन पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. कागद सपाट राहिला तर मध्ये पाण्याचा फुगा साठतो आणि एखाद्या रात्री तो बेडवरच कोसळतो, म्हणून उतार खरोखरचा द्या.

दुसरी चोरवाट बॉल कॉकची. ड्रममधलं पाणी आपोआप टाकीत यावं म्हणून अनेकांनी बॉल कॉक बसवलेला असतो. पंपाच्या जोडात बारीक गळती असेल किंवा बेड ओसंडत असेल तर बाहेर गेलेल्या प्रत्येक लिटरऐवजी पावसाचं कोरं पाणी येत राहतं आणि पातळी मात्र जागच्या जागी दिसते. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी पावसाचं पाणी घालणं हा त्याचा सगळ्यात चांगला वापर आहे, कारण उडताना पाणी क्षार मागे ठेवून जातं. गळून गेलेल्या पाण्याच्या जागी मात्र ते धोक्याचं. पावसाळ्यात बॉल कॉक बंद ठेवा आणि पाणी हाताने, मोजून घाला.

मासे आत्ता त्रासात असतील तर

चुना टाकू नका. हे मी सगळ्यात आधी आणि पुन्हा पुन्हा सांगेन, कारण बहुतेक टाक्यांतले मासे सामू पडल्याने मरत नाहीत, तो घाईने वर चढवल्याने मरतात.

सामू ६ च्या जवळ आला की नायट्रेट बनवणारे जिवाणू जवळजवळ थांबतात. मासे मात्र अमोनिया सोडत राहतात आणि तो साठत जातो. तरी मासे तग धरतात, कारण आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो फारसा बाधत नाही. २५ अंश तापमानाला सामू ६ असताना एकूण अमोनियातला फक्त ०.०६ टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ७ ला तो साधारण ०.६ टक्के आणि ८ ला ५ टक्क्यांच्या वर जातो. किटवर ४ पीपीएम अमोनिया दिसत असेल तर सामू ६ ला विषारी भाग नगण्य आहे. तोच सामू चुन्याने एका दुपारी ८ वर नेला तर विषारी अमोनिया ०.२ पीपीएमवर जातो आणि इतका कल्ले जाळायला पुरेसा आहे. चुन्याची निवळी तर १२ च्याही वरच्या सामूची असते. जिथे ती पडते तिथले मासे ताबडतोब भाजतात.

म्हणून क्रम असा ठेवा. खाद्य पूर्ण बंद. दोन-तीन दिवस उपाशी राहिल्याने निरोगी मासा मरत नाही. हवेचा दगड (पंपाला जोडून पाण्यात बुडबुडे सोडणारा) असेल तो लावा, आणखी एक असेल तर तोही लावा. मग अमोनिया, नायट्राइट, सामू आणि केएच मोजून लिहून ठेवा.

अमोनिया २ पीपीएमच्या वर असेल तर सामूला हातच लावू नका. आधी पाणी बदलून अमोनिया खाली आणा. एका वेळी पाव ते तृतीयांश पाणी काढा आणि त्याच तापमानाचं, शक्यतो टाकीच्याच जवळपासच्या सामूचं पाणी घाला. या एका कामासाठी पावसाचं कोरं पाणी खरोखर उपयोगी पडतं: ते सामू उचलत नाही, नुसता अमोनिया पातळ करतं. नळाचं पाणी घालणार असाल तर ते एक दिवस उघड्या भांड्यात हवा सोडून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातं.

अमोनिया उतरला की केएच हळूहळू चढवा. यासाठी मला पोटॅशियम बायकार्बोनेट सगळ्यात बरं वाटतं, कारण पोटॅशियम झाडांना हवंच असतं आणि माशांच्या खाद्यातून ते पुरेसं येत नाही. १०० लिटरमागे २ ग्रॅम घातलं की केएच साधारण १० पीपीएमने वाढतो. बादलीभर टाकीच्याच पाण्यात विरघळवा, पाण्याच्या परतीच्या धारेखाली थोडं थोडं ओता, दोन तास थांबा, पुन्हा मोजा. दिवसभरात सामू ०.३ पेक्षा जास्त चढू देऊ नका. कंटाळवाणं आहे, चार-पाच दिवस लागतात, पण मासे वाचतात. पोटॅशियम बायकार्बोनेट हाताशी नसेल तर एखाद्या दिवसापुरता खाण्याचा सोडा चालेल. त्याच वजनात तो थोडा जास्त केएच देतो. मात्र त्यातलं सोडियम बंद टाकीत साठत जातं आणि झाडांना बाधतं, म्हणून सवय लावू नका. बेकिंग पावडर वेगळी, ती अजिबात नको.

नायट्राइट दिसत असेल तर खडेमीठ, १०० लिटरला १० ग्रॅम. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्त तपकिरी पडतं. मासा भरपूर हवेतही गुदमरतो. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांपाशी अडवतं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोराइड आधीच असतं, पावसाच्या पाण्यात जवळजवळ नसतं. म्हणून तेवढंच नायट्राइट पावसाच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत जास्त मारतं. इतक्या मिठाने पालक, पुदिना, टोमॅटोला काही होत नाही. स्ट्रॉबेरी मात्र नाजूक असते.

पुन्हा होऊ नये म्हणून

तुम्ही देशावर असाल आणि घरी बोअर असेल तर तुमचा उपाय अंगणातच आहे. बोअरचा केएच मोजा आणि त्या हिशोबाने पाऊस मिसळा. ३०० पीपीएमचं एक बादली बोअर आणि तीन बादल्या पाऊस मिळून साधारण ७५ पीपीएम होतो, म्हणजे हवा तेवढाच. खरं तर जड पाणीवाल्यांना पाऊस हे वरदान आहे. नुसत्या बोअरवर सामू ८ च्या खाली यायला तयार नसतो, झाडांना लोह मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लातूर-सोलापूरकडे ही तक्रार बाराही महिने ऐकू येते. तिथे ड्रमभर पावसाच्या पाण्याने बेडचं रूप पालटतं. जूनपासून सगळंच पाणी पावसाचं करून टाकण्याचा मोह मात्र आवरा.

कोकणात असं जमत नाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी स्वतःच मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं. ते पावसात मिसळलं तरी केएच येणार कुठून? मुंबई-ठाण्याचं तलावाचं पाणी आणि पुण्याचं धरणाचं पाणीही मऊच. अशा ठिकाणी कॅल्शियम कार्बोनेटचा साठा टाकीतच ठेवावा लागतो, आणि कोकणाइतका तो स्वस्त कुठेच मिळत नाही. तिसऱ्यांची, कालवांची टरफलं घ्या. मांस पूर्ण निघेपर्यंत उकळा, गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून मीठ जाऊ द्या, ठेचा, आणि कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून बेडमधून पाणी परत पडतं तिथे टांगा. पाणी आम्लधर्मी झालं की ती विरघळतात, सामू ७ च्या वर गेला की जवळजवळ थांबतात. त्यामुळे मात्रा चुकण्याची भीती नाही. झाडांना कॅल्शियमही मिळतं, टोमॅटोचा काळा डाग आणि सॅलडची करपलेली टोकं त्यानेच कमी होतात. अंड्याची टरफलंही तेच काम करतात. आतला पापुद्रा काढून, भाजून, चुरून घ्या. पिशवी दर दोन-तीन आठवड्यांनी हाताने चोळून धुवा, नाहीतर टरफलांवर शेवाळाचा थर धरतो आणि ती विरघळेनाशी होतात.

टरफलांचा वेग मात्र कमी असतो. खाद्य भरपूर असेल आणि झड लागली असेल तर ती पुरी पडत नाहीत, तेव्हा सोबतीला पोटॅशियम बायकार्बोनेट द्या आणि खाद्य निम्म्यावर आणा. तापमान चार-पाच अंशांनी उतरलं की मासे तसेही कमी खातात. उरलेलं खाद्य कुजून अमोनियाच वाढवतं.

बेडमधली खडी केएच देत असेल असं समजू नका. आपली काळी खडी आणि जांभ्याचे तुकडे यांत चुनखडी नसते. खात्री हवी असेल तर दोन-चार खडे व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले तरच त्यात चुना.

जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा केएच मोजा. ६० च्या खाली आला की त्याच दिवशी भर घाला. सामू पडायची वाट बघितली तर उशीर होतो. केएच १०० वरून ३० वर येईपर्यंत सामू जेमतेम हलतो आणि मग दोन दिवसांत कोसळतो.

केएच व्यवस्थित आहे, तरी मासे जात आहेत

मग छप्पर आणि साठवण बघा. नव्या जस्ताच्या पत्र्यावरून येणारं पाणी माशांच्या टाकीत घालूच नका. पावसाचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असल्याने जस्त सहज उचलतं, आणि मऊ पाण्यात जस्त आणि तांबं कल्ल्यांना जास्त बाधतात, कारण त्यांना कल्ल्यांवर बसू न देणारं कॅल्शियम तिथे नसतं. बेडमधल्या गोगलगायी माशांच्या आधी मरायला लागल्या तर धातूचा संशय घ्या. रंगाचा थर दिलेला पत्रा यापेक्षा बरा. कौलं चांगली, फक्त शेवाळ पन्हळीत येतं. पितळी तोटी, तांब्याचा पाइप, जस्ताची बादली या गोष्टी पाण्याच्या वाटेत नकोत. गच्चीला या वर्षीच डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा लेप दिला असेल तर हा पावसाळा ते पाणी कुंड्यांना, अंगण धुवायला वापरा. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲसबेस्टॉस असतं आणि जुन्या पत्र्याचे तंतू झडतात. मी त्यावरचं पाणी घेणार नाही.

सिमेंटची नवी टाकी नेमका उलटा त्रास देते. तीच सर पत्र्यावरून आली तर सामू ६ आणि नव्या टाकीत चार दिवस राहिली तर ९ किंवा १०. टाकी अनेकदा भरून रिकामी करा आणि पाण्याचा सामू ८.५ च्या खाली टिकायला लागल्यावरच ते पाणी माशांना द्या.

भंगारातून आणलेल्या निळ्या ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. खाद्यतेल, लोणचं, सरबताचा अर्क असलेले ड्रम धुऊन वापरता येतात. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको.

पावसाळ्यात डेंग्यूसाठी घरोघरी पाहणी होते तेव्हा आरोग्य कर्मचारी किंवा आशाताई साठवलेल्या पाण्यात अळ्या मारायचं औषध, अबेट, टाकतात. त्यांना अडवू नका, पण हे पाणी माशांच्या टाकीत जातं हे आधीच सांगा. ड्रमवर घट्ट झाकण आणि बारीक जाळी असेल तर औषधाची वेळच येत नाही. उघड्याच राहणाऱ्या टाकीत गप्पी मासे सोडा. त्यांना पाहणीत कुणी नाव ठेवत नाही. शेवाळ मारायला मोरचूद हा सल्ला तर ऐकूच नका. मऊ पाण्यात मोरचुदाची चिमूटही माशांना भारी पडते. ड्रम काळ्या कापडाने झाका, उजेड नसला की शेवाळ धरत नाही.

पहिलं पाणी

वळवाचा पाऊस आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी पूर्ण सोडून द्या. आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा, फटाक्यांची राख, सगळं त्यात उतरतं. त्यानंतरही प्रत्येक मोठ्या सरीचे पहिले दोन मिलिमीटर बाजूला काढा. ४० चौरस मीटर छपरासाठी ते ८० लिटर होतात. अनेक जण यासाठी चार इंची पाइपचा उभा तुकडा लावतात, पण त्यात मीटरमागे आठ-साडेआठ लिटरच मावतं, म्हणजे दोन मीटरचा पाइप जेमतेम १७ लिटर अडवतो. एवढ्या छपराला १०० लिटरचा ड्रमच हवा. त्याच्या तळाशी बारीक छिद्र ठेवा म्हणजे दोन सरींच्या मधे तो आपोआप रिकामा होतो. छिद्र आठवड्यातून एकदा काडीने मोकळं करा. कचऱ्याने बुजलं तर ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीची घाण सरळ साठवणीत जाते. चार-पाच दिवसांच्या उघडिपीनंतरची सर पुन्हा पहिल्या सरीसारखीच धरा.

खाणाऱ्यांची काळजी

माशांना चालणारं पाणी माणसाला चालेलच असं नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला येऊ शकतो. कच्ची खायची पानं, सॅलड आणि कोथिंबीर, पाण्याला टेकतील अशी लावू नका. वरून पाणी शिंपडू नका. कापणीनंतर पिण्याच्या पाण्याने नीट धुवा. ज्या घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस आहे तिथे पावसाळ्यात या बेडमधला पालक शिजवूनच खा.

उंदरांचं मूत्र पाण्यात गेलं तर लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि मुंबई-कोकणात तो पावसाळ्यातच डोकं वर काढतो. खाद्याचा डबा घट्ट बंद ठेवा, सांडलेलं खाद्य संध्याकाळीच झाडून घ्या, कारण उंदीर त्याच वासाने वर येतात. हाताला-पायाला जखम असेल तर फिल्टर साफ करताना रबरी हातमोजे घाला. टाकीत हात घातल्यानंतर काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना पाण्यात काम केल्याचं आवर्जून सांगा. लवकर कळलं तर उपचार सोपे असतात.

ऑक्टोबरमध्ये

पाऊस थांबला, ऊन तापलं, टाकीतलं पाणी उडायला लागलं की लोक एका दिवसात पुन्हा बोअरवर येतात. चार महिने मऊ पाण्यात राहिलेल्या टाकीत १०० लिटर जड पाणी एकदम पडलं तर सामू एका दिवसात एकाने चढू शकतो, आणि अमोनिया उरलेला असेल तर वर लिहिलेली चुन्याची गोष्ट इथेही घडते. आधी अमोनिया मोजा. तो जवळपास शून्य असेल तरच बोअर सुरू करा, आणि पहिला आठवडा रोज वीस-पंचवीस लिटरपेक्षा जास्त घालू नका. साठवलेला पाऊस याच काळासाठी जपून ठेवा. पुढे उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याच्या जागी एक भाग बोअर आणि तीन भाग पाऊस असं घालत गेलात तर तो पुरतोही जास्त दिवस, आणि टाकीतले क्षारही नुसत्या बोअरइतके वाढत नाहीत.